गोलाईवर स्किन टिकत का नाही?

फोनच्या पाठीवर लावायच्या व्हिनाइल स्किनबद्दल या वेळी आलेल्या पत्रांत तक्रारीचा सूर एकच आहे: सपाट फोनवर मुकाट बसणारी स्किन गोलाई आली की हट्टाला पेटते. काही प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझ्या फोनच्या पाठीच्या दोन्ही लांब कडा गोल आहेत. स्किन लावली तेव्हा कड छान बसली होती, दुसऱ्या दिवशी उचलली. ड्रायरने गरम करून पुन्हा दाबली, तरी दोन दिवसांत तेच. गोंद खराब असेल का?

उत्तर : गोंदाला दोष देण्याआधी फिल्म कुठली आहे ते बघा. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि त्याची फिल्म मुख्यतः दोन पद्धतींनी बनते. एकीत तापवलेलं पीव्हीसी रुळांमधून दाबत, ओढत पातळ करतात. ही कॅलेंडर्ड फिल्म. बनतानाच ती ताणली गेलेली असते, म्हणून संधी मिळाली की आकसते. दुसरीत पातळ द्राव एका गुळगुळीत पृष्ठावर पसरून भट्टीत सुकवतात. ही कास्ट फिल्म. तिच्यात बनतानाचा ताण जवळजवळ नसतो, म्हणून वळवली तर वळते आणि तशी राहते. कास्ट फिल्म ५० मायक्रॉनच्या आसपास असते, कॅलेंडर्ड बहुधा ७५ ते १०० किंवा त्याहून जाड. (हे आकडे नुसत्या फिल्मचे; गोंद धरून जाडी वाढते.) हा फरक किरकोळ नाही. जाडी दुप्पट झाली की फिल्म वाकवायला लागणारा जोर आठपट होतो, आणि तोच जोर दिवसरात्र कड उचलायचा प्रयत्न करत असतो. खोल पोत असलेल्या, वर आणखी एक थर चढवलेल्या स्किन दिसतात भारी, पण २ ते ३ मि.मी. त्रिज्येच्या गोलाईवर त्याच आधी सुटतात.

आता ड्रायरचं. गरम करून दाबलंत हे बरोबर, पण बहुधा दाबून लगेच सोडलंत. गरम व्हिनाइल मऊ असतं आणि ज्या आकारात थंड होतं तो आकार धरतं. व्हिनाइल गरम असतानाच बोट उचललं, तर ते थंड होतं अर्धवट सुटलेल्या आकारात. करायचं असं: कड पूर्ण खाली बसवा. ड्रायरला अरुंद तोंड लावून, सगळ्यांत गरम हवेवर, ३ ते ४ सेंटिमीटरवरून एका वेळी ८ ते १० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यावर पुढे-मागे फिरवा. पाच-सहा सेकंद पुरेत. ड्रायर बाजूला ठेवा आणि मऊ कापडाने तो पट्टा खाली दाबून धरा, हाताला पूर्ण गार लागेपर्यंत. वीस-तीस सेकंद लागतात. मग पुढचा पट्टा.

एक तपासणी मात्र आधी करा. सुटलेली कड दिव्याखाली उलटून बघा. गोंदावर करड्या धुळीची रेघ दिसली तर तिथला गोंद संपला, कितीही तापवा. तेवढी १ मि.मी. पट्टी कापून टाकलेली बरी.

प्रश्न : लांब कडा नीट बसतात, पण चारही कोपऱ्यांवर चुण्या पडतात. कितीही ताणलं तरी एक चुणी जाते आणि शेजारी दुसरी येते.

उत्तर : जाणारच नाही. हा कौशल्याचा नाही, भूमितीचा प्रश्न आहे. लांब कड ही नळीसारखी, एकाच दिशेने वाकलेली असते. सपाट कागद नळीवर चुणी न पडता गुंडाळता येतो. कोपरा दोन दिशांनी वाकलेला असतो, चेंडूच्या तुकड्यासारखा. सपाट पत्रा चेंडूवर चुणीशिवाय बसत नाही, मग तो कागदाचा असो की व्हिनाइलचा.

किती जास्तीचं व्हिनाइल जमा होतं ते मोजता येतं. समजा, वरून पाहिलं तर कोपऱ्याची त्रिज्या १० मि.मी. आहे आणि कड ३ मि.मी. त्रिज्येने खाली वळते. स्किन कडेच्या वळणावर ३० अंशांपर्यंत नेली, तर कोपऱ्याच्या कमानीत फिल्म फक्त ०.११ मि.मी. जादा होते. ४५ अंशांपर्यंत नेली तर ०.३७ मि.मी. ६० अंशांपर्यंत ०.८५. आणि कड पूर्ण झाकायची म्हणून ९० अंशांपर्यंत नेली, तर तब्बल २.७ मि.मी.! ज्या कमानीची लांबीच १५.७ मि.मी. आहे, तिथे १८.४ मि.मी. फिल्म बसवायची. शेवटच्या अर्ध्या वळणात जादा फिल्म सातपट होते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: कोपऱ्याची लढाई उष्णतेने नाही, स्किन कुठे संपवायची या निर्णयाने जिंकायची. वळणाच्या अर्ध्यावर थांबा. ०.३७ मि.मी. एवढं जादा व्हिनाइल कास्ट फिल्म थोड्या उष्णतेने सहज पोटात घेते. चांगल्या तयार स्किन कोपऱ्यांवर फोनच्या कडेपेक्षा आत का संपतात, याचं उत्तर हेच. लोक त्याला मापातली चूक समजतात.

तरीही कोपरा पूर्ण झाकायचाच असेल, तर पद्धत अशी. दोन्ही बाजूंच्या सरळ कडा आधी बसवा, पण कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना १५ मि.मी. मोकळे ठेवा. कोपऱ्यावरची फिल्म अंगठा आणि तर्जनीत धरून उचला, दोन-तीन सेकंद ऊब द्या आणि कर्णाच्या दिशेने, म्हणजे पाठीच्या मध्यापासून कोपऱ्याच्या टोकाकडे आणि किंचित खाली, सावकाश ओढा. लांबीत ताणली की फिल्म रुंदीत आक्रसते; आपल्याला नेमकी रुंदीच कमी करायची आहे. आडवं ओढलंत तर उलट रुंदी वाढते आणि चुणी पसरते. बहुतेकांचं इथेच चुकतं. ताण कायम ठेवून कोपऱ्याच्या मधोमध आधी बोटाने टेकवा, मग मधून दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा करत जा. एक मोठी चुणी दाबायची नाही. तिच्या दोन लहान, दोनाच्या चार करायच्या. शेवटी उरलेल्या बारीक चुण्या ऊब दिल्यावर आकसून बसतात.

ताणलेल्या फिल्मची मेमरी, म्हणजे मूळ आकाराकडे परत जायची ओढ, मोडावी लागते, नाहीतर ती परत सरकते. ती कशी, ते उष्णतेच्या प्रश्नात आहे. फिल्मचा रंग फिका पडू लागला किंवा पोत ताणून लांबट दिसू लागला, तर मर्यादा ओलांडली असं समजा.

प्रश्न : कोपऱ्यावर छेद दिले तर चालतात का?

उत्तर : चालतात, कॅलेंडर्ड फिल्म असेल तर द्यावेच लागतात. कोपऱ्याच्या कमानीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन किंवा तीन छेद, प्रत्येकाचं तोंड १ मि.मी.च्या आत, आणि टोक वळण जिथे सुरू होतं तिथून अर्धा मि.मी. कडेच्या बाजूला. छेद सपाट भागात शिरला तर तो कायम दिसतो. टोक अगदी अणकुचीदार ठेवू नका, तिथून फिल्म फाटत जाते. छेद फोनवर देऊ नका. स्किन मागच्या कागदावर असतानाच कात्रीने द्या.

फोनवर कटर चालवायचा मोह इतरही ठिकाणी होतो, म्हणून सांगतो: रंगवलेली प्लॅस्टिकची चौकट कटरने हमखास ओरबाडली जाते. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवरचा थर कठीण असला तरी अतिशय पातळ असतो, आणि त्याच्या खालचा धातू मऊ. पर्यायच नसेल तर पातं नवं हवं. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की हात घसरतो.

प्रश्न : लावण्यापूर्वी साबणाचं पाणी फवारावं म्हणजे सरकवता येतं, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : व्हिनाइलसाठी नको. मोठ्या सपाट काचेवर ते जमतं. गोलाईवर पहिल्या क्षणापासून पकड लागते आणि पाणी तीच घालवतं. शिवाय स्पीकर, माइक, चार्जिंगचं भोक आहेतच. पडद्यावर लावायच्या लवचिक टीपीयू फिल्मची गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

प्रश्न : फोन स्वच्छ करून लावली तरी माझ्या एका फोनवर स्किन चिकटतच नाही, दुसऱ्यावर त्याच जातीची स्किन घट्ट बसली. पहिल्याची पाठ हाताला रबरासारखी मऊ लागते.

उत्तर : तिथेच गोम आहे. मऊ रबरी लेप, सिलिकॉन, चामड्यासारखी पोतदार पाठ यांवर गोंद पसरतच नाही. काचेवरचा बोटांचे ठसे न उमटू देणारा लेपही गोंदाला तितकाच नकोसा असतो, फक्त नवा असताना जास्त, झिजल्यावर कमी. ओळखायची सोपी युक्ती: पाठ पुसून कोरडी करा आणि पाण्याचा एक थेंब ठेवा. पसरला तर गोंद धरेल. गोल मण्यासारखा उभा राहिला तर पकड कच्ची राहणार. अशा पाठीवर सपाट भागापुरतीच स्किन लावा, वळणावर नेऊच नका. सपाट भागात फिल्मला परत सरळ व्हायचं नसतं, त्यामुळे कमजोर पकडही पुरते. खरखरीत पाठीवर तर गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो.

सफाईसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. कापड ओलसर हवं, थेंब गळणारं नको. कड आणि चौकटीचा सांधा खास पुसा, कारण हाताचं तेल तिथेच साठतं आणि स्किन तिथूनच उठते. मग ओल पूर्ण उडेपर्यंत दोन मिनिटं थांबा. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. पॉलिकार्बोनेटच्या पाठीला बारीक तडे जातात. काच चमकवायच्या फवाऱ्यांत मेण किंवा सिलिकॉन असू शकतं, तेही टाळा.

काही जण प्रायमर (गोंदाची पकड वाढवणारा द्रव) किंवा सुपरग्लू वापरतात. प्रायमर निघता निघत नाही. सुपरग्लूच्या वाफेने आजूबाजूला पांढरा धुरकट थर बसतो, कॅमेऱ्याच्या काचेवरसुद्धा.

प्रश्न : हीट गन वापरावी की हेअर ड्रायर? बॅटरीला धोका नाही ना?

उत्तर : ड्रायर. मोटारींवर व्हिनाइल चढवणारे ताणलेल्या जागा ९० अंश सेल्सिअस आणि त्याहून वर तापवतात, कारण त्या तापमानाला फिल्म ताण विसरते. तेच लोक हीट गन आणि तापमापक घेऊन बसतात. त्यांच्यापुढे पत्रा असतो, तुमच्यापुढे लिथियमची बॅटरी. फोनची मागची काच काढायला दुरुस्तीवाले ती ८० अंशांच्या आसपास तापवतात, कारण तेवढ्याला तिच्या खालचा गोंद मऊ पडतो. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंशांचंच वातावरण योग्य मानते. यावरून अंदाज घ्या.

मग कोपऱ्याची मेमरी मोडायची कशी? फिल्म जेमतेम दहावा भाग मिलिमीटर जाड आहे, ती दोन-तीन सेकंदांत तापते. खालचा फोन तापायला कितीतरी वेळ लागतो. या फरकाचा फायदा घ्यायचा. छोट्या जागेवर, थोडा वेळ, मग विश्रांती. एका कोपऱ्यावर पाच-सहा सेकंद, दाबून थंड करणं, एक मिनिट थांबणं, पुन्हा एकदा. कोपऱ्यापासून २ सेंटिमीटरवर पाठीला बोट टेकवून ठेवा. तिथे चटका जाणवला की थांबा. फोन बंद असावा, चार्जिंगला लावलेला नसावा.

मॅट फिल्म जास्त तापली की चकाकते आणि ती चकाकी परत जात नाही. स्किन दाबायला उघडं प्लॅस्टिक कार्ड घासलं तरी तसाच डाग पडतो, म्हणून कार्डाला फेल्ट चिकटवा किंवा कापड गुंडाळा.

प्रश्न : माझा फोन कडेला नाही, पाठीच्या मधोमध फुगीर आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : मधूनच. २०१३च्या मोटो एक्ससारख्या फोनांची पाठ अशीच घुमटाकार होती. कॅमेऱ्याचं भोक जुळवून मध्यावर आधी नाण्याएवढा भाग टेकवा आणि तिथून चारही बाजूंना दाबत जा, म्हणजे जादा फिल्म कडेकडे सरकते. एका टोकापासून सुरुवात केली तर ती दुसऱ्या टोकाला एकाच मोठ्या चुणीत गोळा होते. उलट, २०१३चाच एलजी जी फ्लेक्स पूर्ण वाकडा दिसायचा, पण तो वाकला होता एकाच दिशेने, वरून खाली. तसा आकार व्हिनाइलला सोपा. फोन किती वाकडा दिसतो यावर जाऊ नका, किती दिशांनी वाकला आहे ते बघा.

प्रश्न : कॅमेऱ्याचं भोक जुळवताना दर वेळी अर्धा मि.मी. इकडेतिकडे होतं.

उत्तर : मागचा कागद एकदम सगळा काढू नका. स्किन कागदासकट पाठीवर ठेवून कॅमेऱ्याभोवतीची फट सगळीकडे सारखी करा आणि मध्यावर आडवी कागदी चिकटपट्टी लावून स्किन फोनला बांधून टाका. ही झाली बिजागरी. आता कॅमेऱ्याकडचा अर्धा भाग उचला, तेवढाच कागद सोलून कापा, आणि स्किन परत खाली सोडा. ती नेमकी जागेवर येते. तो अर्धा बसला की चिकटपट्टी काढून दुसरा अर्धा. गोल कडा सगळ्यांत शेवटी.

गोंदावर हवा निघायच्या बारीक चरी असतील तर हलका हात ठेवा. जोरात दाबल्यावर किंवा तापवल्यावर चरी मिटतात, मग स्किन उचलून पुन्हा लावता येत नाही. राहिलेला फुगा मोठा असेल तर कडेला सुई तिरकी टोचा आणि हवा भोकाकडे ढकला. टाचणीच्या डोक्याएवढा, मध्ये टोक असलेला फुगा म्हणजे खाली धुळीचा कण. तो दाबून जात नाही. तेवढा भाग उचलून चिकटपट्टीच्या टोकाने कण टिपायचा.

प्रश्न : माझ्या फोनसाठी तयार स्किन मिळत नाही. माप घरी कसं काढू?

उत्तर : कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली तर फसाल, वळणाचं माप सपाट कागदावर येत नाही. पाठीवर कागदी चिकटपट्टीचे पट्टे एकावर एक ३-४ मि.मी. चढवून लावा, वळणावरही. वळणाच्या मध्यावर, जिथे स्किन संपवायची, तिथे बोथट पेन्सिलने रेघ काढा. कॅमेरा आणि फ्लॅशच्या कडाही उमटवा. मग पट्ट्यांचा सगळा तुकडा एका बाजूने अखंड सोलून व्हिनाइलच्या दर्शनी बाजूला चिकटवा आणि रेघेवर कापा. कॅमेऱ्याभोवती अर्धा मि.मी. जादा फट ठेवा, कारण तिथे कड टेकली की उचकटतेच. पहिला नमुना स्वस्तातल्या व्हिनाइलवर काढून बघा. एका खेपेत जमेल असं धरून चालू नका.

प्रश्न : स्किनमुळे बिनतारी चार्जिंग बंद पडतं का?

उत्तर : नाही, पीव्हीसी विजेला वाहून नेत नाही आणि जाडी नगण्य असते. कार्बन फायबरसारखी दिसणारी स्किनही नुसता पोत उमटवलेलं पीव्हीसीच. खऱ्या कार्बन फायबरची किंवा धातूची पातळ पाठ मात्र चार्जिंग आणि अँटेना दोन्हींना आडवी येते.

प्रश्न : वक्र पडद्यावरही व्हिनाइल लावावं का? आणि घडीच्या फोनवर?

उत्तर : पडद्याला टीपीयू फिल्म घ्या. दोन्ही बाजूंनी वळलेला पडदा २०१५च्या गॅलेक्सी एस ६ एजपासून रुळला, आणि कडक काचेचे संरक्षक तिथे कडेला हवा धरू लागले. टीपीयू रबरासारखी लवचिक असते, फवारलेल्या द्रवावर सरकवून बसवता येते. पण रबरासारखी म्हणजे परत सरळ होणारीही. म्हणून तिची कड वळणाच्या शेवटापर्यंत नेलेली नसते. द्रव बाहेर काढल्यावर पहिल्या दिवशी कड थोडी उठली तर घाबरू नका. आतली ओल सुकेल तशी ती बसते. पडद्याखालचा ठसे ओळखणारा सेन्सर अल्ट्रासॉनिक असेल तर तिथे हवेचा फुगा अजिबात चालत नाही, कारण ध्वनिलहरी हवेतून जाताना परततात. फिल्म लावल्यावर ठसे नव्याने नोंदवा.

घडीच्या फोनच्या आतल्या पडद्यावर काही चिकटवू नका, आणि त्यावर मुळात असलेली फिल्म काढू तर मुळीच नका. २०१९ मध्ये पहिल्या गॅलेक्सी फोल्डच्या काही परीक्षकांनी ती नुसतं संरक्षक कव्हर समजून सोलली आणि पडदे बिघडले. बाहेरच्या पाठीवर स्किन लावायची तर बिजागरीपासून १ मि.मी. दूर ठेवा.

प्रश्न : स्किन लावून लगेच कव्हर चढवू का? आणि पुढे काढायची कशी?

उत्तर : २४ तास कव्हर नको, घट्ट खिसाही नको. दाबाने धरणारा गोंद पूर्ण पकडायला वेळ घेतो, आणि कव्हरची आतली कड नेमकी गोलाईवर घासते. कव्हर वापरायचंच असेल तर स्किन कव्हरच्या ओठाच्या १ मि.मी. आत संपवा.

काढताना एका कोपऱ्याला ड्रायरची ऊब द्या, नखाने उचला आणि फिल्म स्वतःवर जवळजवळ उलटी घडी घालत सावकाश ओढा. झटका दिला की जुनी फिल्म तुकड्यांत तुटते आणि गोंद फोनवर राहतो. राहिलेला गोंद बोटाने चोळून गोळ्या करत काढा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं कापड एक मिनिट ठेवून पुसा. चार्जिंगच्या भोकाजवळ कापड पिळून घ्या.